रिझर्व्ह बँकेचे फर्म्स पोर्टल: परदेशी भागीदार घेणाऱ्या सांगली-साताऱ्याच्या कंपनीने काय अपेक्षा ठेवावी

कंपनीत आलेल्या परदेशी गुंतवणुकीची नोंद रिझर्व्ह बँकेकडे करायचे फर्म्स पोर्टल फुकट आहे, बऱ्यापैकी चालते, आणि कागद हाताशी असतील तर फॉर्म एका बैठकीत भरून होतो. तरीही कुपवाड, मिरज, ईश्वरपूर (आधीचे इस्लामपूर) किंवा सातारा एमआयडीसीतल्या कंपनीने पहिल्यांदा परदेशी भांडवल घेतले की तिची फाइल हमखास लोंबकळते. दोष पोर्टलला दिला जातो. खरे तर पोर्टल उघडायच्या आधीच्या दोन-अडीच महिन्यांत जे चुकलेले असते, ते इथे फक्त उघडे पडते.

थेट परदेशी गुंतवणूक म्हटले की आपल्याकडे फलटणचा कमिन्सचा मेगासाइट किंवा शिरवळजवळ विंगचा रीटरचा कारखाना डोळ्यांपुढे येतो. त्या कंपन्यांची कागदपत्रे सांभाळायला स्वतंत्र विभाग असतात. हे परीक्षण त्यांच्यासाठी नाही. दोन-पाच कोटींसाठी जर्मन किंवा कोरियन ग्राहकाला दहा-वीस टक्के हिस्सा देणारी मशीन शॉप, हळद किंवा बेदाण्यावर प्रक्रिया करणारी प्रायव्हेट लिमिटेड, आखातातल्या किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून भांडवल घेणारी कंपनी, अशांसाठी आहे. त्यांच्यासाठी फर्म्स म्हणजे कंपनी आणि रिझर्व्ह बँक यांच्यातली मुख्य खिडकी.

पोर्टल २०१८ मध्ये सुरू झाले. आधी एंटिटी मास्टर आले आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून सिंगल मास्टर फॉर्म. आधी वेगवेगळ्या वाटांनी जाणारे फॉर्म एका छत्राखाली आले. नवे शेअर दिले तर एफसी-जीपीआर, जुने शेअर हस्तांतरित झाले तर एफसी-टीआरएस, मर्यादित दायित्वाच्या भागीदारीसाठी (एलएलपी) एलएलपी-१ आणि एलएलपी-२, आणि इतर काही. ही रचना चांगली आहे. गोंधळ होतो तो दोन प्रकारच्या लॉगिनमुळे. एंटिटी युजर हा कंपनीचा, आणि तो एकच. कंपनीची मूळ माहिती, म्हणजे एंटिटी मास्टर, तो भरतो. बिझनेस युजर फॉर्म दाखल करतो, आणि त्याच्या नोंदणीला बँकेची मान्यता लागते. दोन्हींसाठी लेटरहेडवर अधिकारपत्र हवे. शेअर वाटप झाल्यावर या नोंदणीच्या मागे लागलात तर फॉर्म दाखल करायच्या तीस दिवसांतले दहा-बारा त्यातच जातात. परदेशी भागीदाराशी बोलणी गंभीर झाली की दोन्ही लॉगिन काढून ठेवावेत, पैसे येण्याआधीच.

त्याहून आधीचा प्रश्न म्हणजे तुमच्या संस्थेला हे पैसे घेताच येतात का. आपल्या दोन जिल्ह्यांत निम्मी चर्चा इथेच संपायला हवी, पण ती शेवटपर्यंत चालते. सहकारी साखर कारखाना, सहकारी सूतगिरणी यांना थेट परदेशी गुंतवणुकीचे दार बंद आहे, कारण त्या कंपन्या नाहीत. शेतकरी उत्पादक कंपनी नावाला कंपनी असली तरी तिचे सभासद उत्पादकच असावे लागतात, त्यामुळे परदेशी गुंतवणूकदार तिच्यात भागधारक होऊ शकत नाही. प्रक्रियेसाठी वेगळी प्रायव्हेट लिमिटेड काढून त्यात दोघांनी हिस्सा घेणे, ही सरळ वाट. मिरज-सांगलीच्या बाजारपेठेत भागीदारी आणि एकल मालकीच्या पेढ्या ढीगभर आहेत. त्यांच्यात फक्त अनिवासी भारतीय किंवा ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे कार्डधारक) पैसे घालू शकतात, तेही परत परदेशी न नेण्याच्या अटीवर.

ही अट नीट समजून घेण्यासारखी आहे. अनिवासी भारतीयाने ‘नॉन-रिपॅट्रिएशन’ तत्त्वावर कंपनीत घातलेला पैसा नियमांच्या नजरेत देशी गुंतवणूकच असतो. त्याला एफसी-जीपीआर लागत नाही आणि परदेशी हिश्श्याच्या मर्यादेतही तो मोजला जात नाही. दुबईतल्या भावाने पन्नास लाख घातले म्हणून घाईघाईने फर्म्सवर धावायची गरज नसते. आधी ठरवायचे की हा पैसा मूळ रकमेसकट कधी तरी परत जाणार आहे का. जाणार असेल तर फर्म्स, नसेल तर नाही. बोर्डाच्या ठरावात हे एका ओळीत लिहून ठेवा, कारण पाच वर्षांनी हिस्सा विकताना हाच प्रश्न बँक विचारते. आणि शेती, मळे, फार्महाउस, जमिनीची खरेदी-विक्री असल्या धंद्यांत या वाटेनेही पैसा घालता येत नाही.

क्षेत्राच्या बाबतीत कारखानदारीला अडचण नाही. उत्पादन आणि अन्नप्रक्रिया यांत शंभर टक्क्यांपर्यंत ऑटोमॅटिक रूट आहे, आधी परवानगी नाही. हळद दळून पॅक करणारा, बेदाणा धुऊन-प्रतवारी करून निर्यात करणारा यात बसतो. घाऊक व्यापारालाही तसेच. पण भारतात पिकलेल्या-बनलेल्या खाद्यपदार्थांची किरकोळ विक्री करायची म्हटली की शंभर टक्के परवानगी असली तरी सरकारी मंजुरीची वाट आहे. कंपनीच्या उद्दिष्टांत आणि एनआयसी कोडमध्ये (उद्योगाच्या सरकारी वर्गीकरणाचा क्रमांक) ‘ट्रेडिंग’ लिहिलेले आणि प्रत्यक्षात प्रक्रिया चालते, हा घोळ हळद-बेदाण्याच्या धंद्यात फार दिसतो. फॉर्ममधला एनआयसी कोड आणि कंपनीची उद्दिष्टे जुळली नाहीत तर बँक विचारणारच. पैसे मागण्याआधी ते दुरुस्त करा.

शेतीत सगळे दरवाजे बंद आहेत असेही नाही. नियंत्रित वातावरणातली फुले, फळे, भाजीपाला, अळिंबी, तसेच बियाणे आणि रोपे, पशुपालन यांना ऑटोमॅटिक रूट खुला आहे. उघड्यावरचा ऊस किंवा द्राक्षबाग मात्र त्यात येत नाही.

चीन, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, म्यानमार, अफगाणिस्तान या सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या पैशावर १७ एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ ने सरकारी मंजुरीची अट आली. सिंगापूरची कंपनी पुढे आहे म्हणून निश्चिंत राहू नका, पाहिला जातो तो खरा लाभार्थी मालक. चिनी मशीन पुरवठादार ‘थोडा हिस्सा द्या, मशीन स्वस्तात देतो’ म्हणाला तर सही करण्याआधी या अटीची ताजी स्थिती तपासून घ्या.

आता पैसा. इथेच घोडे पेंड खाते.

खाते एडी कॅटेगरी-१ बँकेत, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारांचा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकेत हवे. जिल्हा बँकेत किंवा पतसंस्थेत तुमची कितीही पत असली तरी तिचा इथे उपयोग नाही. मोठ्या बँकेची तालुक्यातली शाखाही परकीय चलनाचे काम सहसा स्वतः करत नाही. फाइल कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईच्या कक्षाकडे जाते. शाखेतल्या साहेबांनी ‘होऊन जाईल’ म्हटले तरी सही करणारा माणूस दुसराच असतो. त्या कक्षाचा ईमेल आणि थेट संपर्क आधीच मिळवा, आणि कागदांची त्यांची यादी लेखी घ्या. प्रत्येक बँकेची यादी थोडी वेगळी असते.

शेअरसाठीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि वाटप होऊन त्याचे विवरणपत्र, म्हणजे पीएएस-३, दाखल होईपर्यंत वापरायचा नाही. चालू खात्यात आला, ओव्हरड्राफ्टमध्ये जिरला, की कंपनी कायद्याचा भंग झाला आणि कंपनी सेक्रेटरी प्रमाणपत्र द्यायला नकार देतो. दुसरी नेहमीची चूक हेतूची. परदेशी ग्राहक हाच गुंतवणूकदार असेल तर त्याचा अकाउंटंट सवयीने ‘ॲडव्हान्स अगेन्स्ट एक्स्पोर्ट’ लिहून पैसे पाठवतो. आपल्या बँकेने तो निर्यातीचा आगाऊ पैसा म्हणून नोंदवला की तो शेअरकडे वळवण्यासाठी पत्रव्यवहाराची मालिका सुरू होते. पाठवण्याच्या सूचनेत ‘इक्विटी शेअर्समध्ये गुंतवणूक’ एवढेच असू द्या.

तिसरी चूक पाठवणाऱ्याची. शेअर ज्याच्या नावाने द्यायचे त्याच्याच खात्यातून पैसा यायला हवा. पत्नीच्या किंवा भगिनी कंपनीच्या खात्यातून आला तर फाइल लांबलीच.

आणि चौथी, बारीक पण हमखास त्रास देणारी: मधल्या बँकांचे शुल्क. समजा शेअरची किंमत ४०० रुपये ठरली आणि ५०,००० शेअरचे दोन कोटी यायचे होते. प्रत्यक्षात जमा झाले १,९९,९८,७४०. वाटप ५०,००० चे केले तर १,२६० रुपये कमी पडतात, आणि एफआयआरसीवरची (परदेशातून पैसे आल्याचे बँकेचे प्रमाणपत्र) रक्कम फॉर्मशी जुळत नाही. द्यायचे ४९,९९६ शेअर, म्हणजे १,९९,९८,४०० रुपये. उरलेल्या ३४० रुपयांचे काय केले तेही लिहून ठेवायचे. यातून सुटण्याचा सोपा उपाय म्हणजे सर्व शुल्क पाठवणाऱ्याने भरावे अशी सूचना द्यायला लावणे, आणि वाटपाचा ठराव एफआयआरसी हातात आल्यावरच करणे. बोर्डाची बैठक आधी आणि बँकेचा कागद नंतर, हा क्रम उलटा आहे.

एफआयआरसीबरोबर केवायसी रिपोर्ट लागतो आणि तो परदेशातल्या पाठवणाऱ्या बँकेकडून यायचा असतो. गुंतवणूकदाराचे नाव, नोंदणी किंवा पासपोर्ट क्रमांक, पत्ता, बँकेचे नाव, खाते क्रमांक आणि बँकेशी किती काळाचा संबंध, असे त्याचे सहा मुद्दे. आपली बँक स्विफ्ट संदेश पाठवते, समोरची बँक तो महिनाभर बघत नाही. गुंतवणूकदाराने स्वतः त्याच्या शाखेत जाऊन पाठपुरावा केला तरच हलतो. पैसे निघाले त्याच दिवशी त्याला हे सांगा.

तारखांचे गणित एकदा मांडून भिंतीवर लावावे. पैसे ३ एप्रिलला आले, तर ६० दिवसांत, म्हणजे २ जूनपर्यंत वाटप करायचे. नाही झाले तर पुढच्या १५ दिवसांत, १७ जूनपर्यंत, रक्कम परत. वाटप २० मे रोजी केले असे धरा. खासगी वाटपाचा पीएएस-३ कंपनी निबंधकाकडे १५ दिवसांत, ४ जूनपर्यंत. फर्म्सवर एफसी-जीपीआर ३० दिवसांत, १९ जूनपर्यंत. शेअरवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क, दोन कोटींवर हजार रुपये, क्षुल्लक; पण विसरले जाते.

किंमत मनाने ठरवता येत नाही. बिगर-सूचीबद्ध कंपनीसाठी सीए, सेबी-नोंदणीकृत मर्चंट बँकर किंवा प्रॅक्टिसिंग कॉस्ट अकाउंटंट यांचे मूल्यांकन लागते. परदेशी व्यक्तीला शेअर देताना ती किंमत ही खालची मर्यादा, जास्त घेतले तर चालते. तीच व्यक्ती उद्या शेअर इथल्या माणसाला विकताना ती वरची मर्यादा होते. प्रमाणपत्र ९० दिवसांपेक्षा जुने नको. कंपनी कायद्यासाठी रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा (नोंदणीकृत मूल्यांककाचा) अहवाल वेगळा लागतो. दोन अहवालांत दोन किमती आल्या की बँकेचा पहिला प्रश्न तिथेच. दोघांना एकच ताळेबंद आणि एकच अंदाजपत्रक द्या. आणि ‘ऑप्शनली कन्व्हर्टिबल’ असे काही देऊ नका. सक्तीने शेअरमध्ये बदलणारे प्रेफरन्स शेअर आणि डिबेंचरच गुंतवणूक मानले जातात, बाकीचे परकीय कर्ज ठरते आणि त्याचे नियम वेगळे.

डीमॅटचा मुद्दा नवीन आहे आणि अजून अंगवळणी पडलेला नाही. ‘स्मॉल कंपनी’च्या (भांडवल आणि उलाढाल कायद्याच्या मर्यादेत असलेली कंपनी) व्याख्येबाहेरच्या खासगी कंपन्यांना शेअर डीमॅट स्वरूपातच द्यावे लागतात. परदेशी कंपनीचा निम्म्याहून जास्त हिस्सा झाला की तुमची कंपनी उपकंपनी ठरते आणि उलाढाल कितीही कमी असली तरी ‘स्मॉल’ राहत नाही. मग गुंतवणूकदाराला भारतात पॅन आणि डीमॅट खाते काढावे लागते, त्यासाठी परदेशातून नोटरी आणि अपोस्टिल (तिथल्या सरकारचा खरेपणाचा शिक्का) झालेले कागद मागवावे लागतात. साठ दिवसांचा काटा सुरू असताना हे करायला गेलात तर फार ओढाताण होते. हे काम पैशाच्या आधी.

एवढे सगळे जागेवर असेल तर फर्म्सवरचा एफसी-जीपीआर खरोखर सोपा आहे. ठरलेल्या नमुन्यात घोषणापत्र, कंपनी सेक्रेटरीचे प्रमाणपत्र, एफआयआरसी आणि केवायसी, मूल्यांकन, बोर्डाचा ठराव, सरकारी वाट असेल तर मंजुरीपत्र. वाटपाआधीचा आणि नंतरचा हिस्सा ‘फुली डायल्यूटेड’ पद्धतीने, म्हणजे उद्या शेअर होणारे सगळे धरून भरायचा. ईसॉप (कर्मचाऱ्यांना देऊ केलेले शेअर) किंवा परिवर्तनीय डिबेंचर वगळले की टक्केवारी चुकते आणि फॉर्म परततो. नावात एक अक्षर इकडचे तिकडे असले तरी तेच. पासपोर्टवर मधले नाव आहे आणि एफआयआरसीवर नाही, तर एकाच व्यक्तीची दोन्ही नावे असल्याचे पत्र आधीच जोडा.

पोर्टलची सर्वांत चांगली सुधारणा जानेवारी २०२३ ची. फॉर्म दाखल केला की वेळेच्या शिक्क्यासह पोच आपोआप ईमेलवर येते, आणि बँकेने पाच कामकाजाच्या दिवसांत तो तपासायचा. आधी बँकेकडे फॉर्म पडून राहिला तर दोष कुणाचा हे सिद्ध करता येत नसे. आता पोच जपून ठेवा, म्हणजे वेळेत भरल्याचा पुरावा तुमच्याकडे राहतो. यासाठी पोर्टलला मनापासून गुण द्यायला हवेत. गुण कापायचे ते नाकारण्याच्या शेऱ्यांसाठी: ‘कागदपत्र अपूर्ण’ एवढाच शेरा येतो, कोणता कागद ते शोधत बसायचे. शेरा तपासणाऱ्या बँकेचा असतो, पण पोर्टलला तो सविस्तर लिहायला भाग पाडता आले असते. शिवाय सगळे इंग्रजीत. तालुक्यातल्या अकाउंटंटला कामापुरते इंग्रजी येते, पण फेमाची, म्हणजे परकीय चलन कायद्याची, परिभाषा ही वेगळीच बोली आहे.

उशीर झाला तर घाबरून गप्प बसणे हा सर्वांत महाग पर्याय. २०२२ च्या परिपत्रकाने विलंब शुल्काचे सूत्र साधे केले: ७,५०० रुपये, अधिक रकमेच्या ०.०२५ टक्क्यांना उशिराच्या वर्षांनी गुणून. दोन कोटींचा एफसी-जीपीआर आठ महिने उशिरा गेला तर ५,००० गुणिले ०.६७, म्हणजे ३,३५०. त्यात ७,५०० मिळवून १०,८५०, आणि शंभराच्या पटीत वर नेऊन १०,९००. पण ही सवलत देय तारखेपासून तीन वर्षांपर्यंतच. त्यानंतर कंपाउंडिंग, म्हणजे उल्लंघन कबूल करून दंडावर मिटवणे; त्याचा अर्जच दहा हजार अधिक जीएसटीचा, तो रिझर्व्ह बँकेच्या प्रवाह पोर्टलवरून, आणि दंड वेगळा. शेअर वेळेत न देणे हा मात्र नुसता उशीर नव्हे, ते उल्लंघन. त्याला विलंब शुल्काची पळवाट नाही.

फॉर्म मंजूर झाला की बहुतेक कंपन्या विसरतात ते एफएलए, म्हणजे परदेशी देणी आणि मालमत्तेचे वार्षिक विवरणपत्र. दरवर्षी १५ जुलैपर्यंत, फर्म्सवर नव्हे तर फ्लेअर या वेगळ्या पोर्टलवर. नवा पैसा आला नसला तरी परदेशी हिस्सा शिल्लक आहे तोवर भरायचे. ऑडिट झालेले नसेल तर तात्पुरत्या ताळेबंदावर भरा आणि नंतर सुधारा. चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे ७,५०० रुपये. चार वर्षे चुकली की तीस हजार, आणि नेमके बँकेचे कर्ज किंवा पुढचा गुंतवणूकदार दारात असताना ते बाहेर येते.

या सगळ्या कटकटीचा जिल्ह्याला फायदा काय, हा प्रश्न रास्त आहे. २०२४-२५ मध्ये देशात एकूण ८१.०४ अब्ज डॉलर थेट परदेशी गुंतवणूक आली आणि इक्विटीतला ३९ टक्के वाटा एकट्या महाराष्ट्राचा. पण प्रसिद्ध होतात ते आकडे राज्यवार. त्यातले सांगलीत किती आणि साताऱ्यात किती, हे त्या तक्त्यात दिसत नाही. नकाशा पाहिला तर अंदाज येतो. शिरवळ-खंडाळ्याला पुणे हाकेवर, महामार्ग दारातून जातो. सांगली शहराला तोच महामार्ग शिवत नाही, पेठनाक्यावरून वळावे लागते, आणि विमानतळ नाही. मोठा परदेशी कारखाना इथे सहजासहजी येणार नाही, मग येऊ शकते ते चालू कारखान्यात हिश्श्याच्या रूपाने येणारे भांडवल. त्यातून मिळते ती नुसती रक्कम नव्हे: ठरलेल्या खरेदीची हमी, मोजमापाची आणि गुणवत्तेची शिस्त, आणि त्या एका कंपनीभोवतीच्या जॉबवर्कवाल्यांना काम. किर्लोस्करवाडीतून १९१० पासून वाढलेल्या उद्योगाने १९६२ मध्ये कमिन्सशी भागीदारी करून पुण्यात इंजिने काढली आणि त्याच कमिन्सचा पसारा पुढे फलटणला आला. हिश्श्याची भागीदारी या भागाला परकी नाही. मात्र भांडवल आले म्हणजे रोजगार आला असे समजू नये. जुन्या मालकाचा हिस्सा विकत घेतला, म्हणजे एफसी-टीआरएसचा व्यवहार, तर पैसा मालकाच्या खिशात जातो, मशीन एकही वाढत नाही. एफसी-जीपीआरचा पैसा कंपनीत येतो. आपल्याकडे कुणी ‘परदेशी गुंतवणूक आणली’ म्हणाला तर कोणता फॉर्म भरला हे विचारावे.

एमआयडीसीचा भूखंड असेल तर आणखी एक पान वाचा: लीज डीड, म्हणजे भाडेपट्ट्याचा करार. भागधारक बदलले तर महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागू होते का, ते तिथे असते. करार झाल्यावर हे कळले तर खर्च कुणी भरायचा यावरून भागीदारीची सुरुवातच वादाने होते.

शेवटचे, लॉगिनविषयी. एंटिटी युजर कंपनीच्या नावाच्या ईमेलवर काढा, सल्लागाराच्या किंवा अकाउंटंटच्या वैयक्तिक जीमेलवर नको. सल्लागार बदलला, त्याच्याशी फीवरून बिनसले, की कंपनीचा एकमेव एंटिटी युजर त्याच्याकडे अडकतो आणि तो बदलून घ्यायला पुन्हा अधिकारपत्र आणि पाठपुरावा. बिझनेस युजर दोन ठेवा, एक कंपनीतला आणि एक बाहेरचा. सल्लागाराची फी ठरवताना एफसी-जीपीआर मंजूर होईपर्यंतचे काम आणि पहिल्या तीन वर्षांची एफएलए एकत्र ठरवा, आणि निम्मी रक्कम मंजुरीचा ईमेल आल्यावर द्या.